पाण्याची रेघ

तुम्ही मला नेहमी विचारता ना, घरांचे व्हिडिओ करतोस आणि त्यात स्वतः एक शब्द का बोलत नाहीस? आधी लाजत होतो म्हणून. नंतर कारण बदललं.

विकायच्या घराचा व्हिडिओ करून ग्रुपवर टाकायचा, हे माझं काम. पहिलंच घर मिळालं ते सांगलीत, नदीजवळचं. काकू तिथं एकट्या राहायच्या. त्यांच्या पुण्यातल्या मुलानं फोनवर बजावलं, "भिंतीवरची पुराची रेघ तेवढी दाखवू नकोस."

मला बोलायला जमेना, म्हणून मी काकूंनाच बोलायला सांगितलं. त्या स्वयंपाकघर दाखवता दाखवता थेट रेघेपाशी गेल्या. "पाणी इथवर आलतं. घेणाऱ्याला कळाय पायजे." त्यांना थांबवायचं मला धाडस झालं नाही, आणि नंतर ते कापायचंही. तसाच व्हिडिओ टाकला.

मुलगा फोनवर ओरडला, "आता कोण घेणार ते घर?"

चौथ्या दिवशी पाटणचे एक निवृत्त सुभेदार घर बघायला आले. म्हणाले, "नदीकाठची चार घरं बघितली. पाणी आलतं म्हणून कुणी सांगितलं न्हाई." मग रेघेसमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "ताई, तवा घरात कोण हुतं?"

"आमी दोघं माळ्यावर चढलो. ह्यांची औषधं खालीच राहिली. पाणी उतरल्यावर मी एकटीच खाली आले."

सुभेदारांनी टोपी काढली. "घर मी घेतो."

"रंग मारून घ्या," काकू म्हणाल्या.

"मारतो की. पण ही रेघ सोडून."