नळीभर रक्त आणि दोन शिंपी

आणि वर मलाच बोलतात हो! मी काय कोणाचं रक्त सांडलं? उलट एकेचाळीस जणांचं नळीत भरून दिलं... पण कौतुक राहिलं बाजूला, गल्लीभर एकच, म्हाताऱ्याने घोळ घातला. यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

त्याचं असं झालं. संशोधनवाली नर्सबाई आमच्या गल्लीत आली. दारोदार फिरून सांगत होती, थोडं रक्त द्या, डबीत थोडी थुंकी द्या, आम्ही ते थंडगार कपाटात वर्षानुवर्षं ठेवू, त्यावरून औषधं सुधारू. मी न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली, जिभेला काम नव्हतं. शेजारच्या शिंप्याला म्हटलं, "अरे, त्या नळीतून हुबेहूब दुसरा शिंपी काढतात." झालं. शिंपी हादरला, दुसरा आला तर दुकान कोणाचं? शिंपीण म्हणाली, मला आहे तोच जास्त होतो. संध्याकाळपर्यंत गल्लीतली दारं बंद. आता मी गंमत केली, यांनी खरी मानली... यात माझं काय चुकलं?

पण तुम्हाला सांगतो, दुसऱ्याच दिवशी गंमत गळ्याशी आली. आमच्या हिला रक्त पातळ करायची गोळी आहे. एक माप दिलं तर कमी पडतं, जरा वाढवलं तर नुसता डबा घासला तरी हातभर निळे डाग. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, गोळीचं माप ज्यांच्यावर ठरलं, त्यांच्यात तुमच्यासारखी माणसं नव्हतीच. तुम्ही लोक नमुने देत नाही, मग कळणार कसं?" हिने बाही खाली ओढून डाग झाकले, तेवढंच.

मग निघालो गल्लीत, खरं सांगायला. दार वाजवलं की आतून हसणं, आजोबा, आज काय नवीन? पन्नास वर्षं यांना फसवलं, नेमकं खऱ्याच्या वेळी कोणी फसेना. मग ठेवणीतला डाव काढला. म्हटलं, बाईंना आपली गल्ली नकोच आहे, मागच्या गल्लीचं रक्त चांगलं म्हणतात. दहा मिनिटांत रांग... शिंपी सगळ्यांत पुढे, बाही वर करून.

बाईंनी खूश व्हावं की नाही? त्यांनी रांगेला विचारलं, का आलात, आणि उत्तर ऐकून सुया परत पेटीत. "आजोबा, फसवून आणलेलं रक्त मला चालत नाही. सांगा यांना खरं." यात माझं काय... बरं, थोडं चुकलं. चढलो स्टुलावर. दुसरा शिंपी खोटा, मागची गल्ली खोटी, सगळं सांगितलं आणि हिच्या गोळीचं सांगायला लागलो. तेवढ्यात ही आली, बाही वर केली आणि हात सगळ्यांना दाखवला.

कोणी हसलं नाही. बाईंनी एकेकाला संमतीचा कागद वाचून दाखवला, नको त्याने आत्ता जावं, नंतर वाटलं तरी नाव काढता येईल म्हणाल्या. सात जण गेले. बाकीचे थांबले.

मी ऐटीत विचारलं, मग बाई, हिचं माप उद्या कळेल की परवा?

"आठ-दहा वर्षं लागतील, आजोबा."

ही शांतपणे म्हणाली, "म्हणजे अजून दहा वर्षं यांच्याबरोबर काढायची."

काय करणार... काढू म्हटलं.