कुलपाचा तुकडा

— नाही म्हणाली ना ती? मग संपलं. नोकरी माझ्या लेकीला देताय, मला नाही, मग माझ्याकडे कशाला आलात? ती मापं घ्यायला गेलीये, संध्याकाळशिवाय यायची नाही. बसा — त्या फळीवर नको, तिला आत्ताच पॉलिश मारलंय, फळीसकट उठाल. आणि हातातलं ते खाली ठेवा साहेब, तो कुलपाचा तुकडा आहे. कुलपाचा म्हणजे — ही जमिनीवर पसरलीये ना, ती कमान आहे, वाचनालयात उभी राहणार, तिच्याखाली पोरं बसून वाचणार. लेक माझी कॉम्प्युटरवर ती अख्खी काढते, मग कोबी चिरावा तशी चिरते, आणि मशीन तसे तुकडे कापतं. एकाला दात, शेजारच्याला खाच, ना खिळा ना सरस. सगळे एकमेकांत बसले की हा शेवटचा वरून ठोकायचा, मग काही हलत नाही. तो नेहमी मी ठोकते. तो मान माझा आहे.

तुकडे फार करते म्हणता? ते मला सांगता? घासतं कोण? एकेक दात, एकेक खाच, पॉलिशपेपर घेऊन मीच बसते. रोज तिला बोलते — अगं बये, मोठे काप आणि मोकळी हो, आईच्या जिवावर का उठलीस? हसते, आणि परत बारीकच करते. बापावर गेलीये. त्यांनाही मी बोलले की ऐकू यायचं बंद व्हायचं.

का करते म्हणजे? दार अरुंद आहे. — हो, त्या दारातून टेम्पो आत येतो, माहितीये मला. मग मशीन लहान असेल. — बरं, पलंगाएवढं आहे, तुम्ही माणूस न्यायला आलात की मशीन मोजायला? पूर्वी करायची ना मोठे. लांबच्या लांब, दोघी दोन टोकांना धरून न्यायचो. मग एकदा माझ्याकडचं टोक सुटलं, खांद्यात काहीतरी कट्‌ झालं, तेव्हापासून हा उजवा हात — बघा, एवढाच वर जातो. वेणीसुद्धा तीच घालते माझी. डॉक्टर म्हणाला, जड उचलायचं नाही. त्याच्या बापाचं काय जातंय सांगायला. काम काही थांबलं नाही हो माझं. त्यानंतर एकसुद्धा तुकडा मला जड गेलेला नाही. दाखवते ना — हा बघा, डाव्या हाताने. हा पण. तो कोपऱ्यातला सगळ्यात मोठा, तो पण —

थांबा जरा.

नाही, दुखत नाहीये. बसा. पाणी घ्या.

म्हणजे तुम्ही हे आल्याआल्या ओळखलंत, आणि मला बोलतं करत बसलात. बरे आहात. आणि मी तिला रोज शिव्या घालतेय, बारीक करतेस म्हणून. एक अक्षर बोलली नाही. तुम्हाला ‘नाही’ का म्हणालीस विचारलं, तर मला सांगते, एवढ्या लांब कोण जातंय, तिथलं पाणी मला सोसणार नाही. पाणी! दगड खाऊन पचवेल ती पोरगी. आणि मी मान डोलावली. बरं वाटलं मला. — वाटलं, मग? आई आहे मी, भिंत नाही.

तुमच्या कारखान्यात क्रेन आहे म्हणालात? मोठी? किती उचलते ते मला नका सांगू, तिला सांगा. मोठे तुकडे करायला लावा तिला, जरा हात मोकळा होऊ दे. संध्याकाळी परत या. ती नाहीच म्हणेल, पण मी असेन इथे, आणि माझ्याशी भांडून या घरात अजून कोणी जिंकलेलं नाही. घासायला मी बाई ठेवीन. तिच्या चुका काढीन दिवसभर, वेळ जाईल माझा. आणि तुम्हाला खांद्याचं कोणी सांगितलं म्हणून विचारलं तिने, तर म्हणा, कोणी नाही.

चला, निघा आता, मला काम आहे. — अहो, तो तुकडा अजून हातातच आहे तुमच्या. द्या इकडे.

त्या हातात नको. डाव्या हातात द्या.