ब्रिगेडियरसाहेबांचा चेहरा कुठे लावायचा

गव्हर्नरच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या निवृत्त ब्रिगेडियर अडेगोकेंनी आम्हा बाजारातल्या बायकांना स्वतःचा चेहरा छापलेलं कापड फुकट वाटलं. त्याचे झगे शिवून घ्यायला आम्ही शिंप्याकडे रांग लावली होती. माझ्यापुढे कांदेवाली, सिकिरूची आई.

"मास्तर, साहेबांचा चेहरा मागे घ्या. बरोब्बर बसायच्या जागी."

"सिकिरूची आई, माझ्या पोटावर कशाला पाय आणता? चेहरा छातीवरच घ्यायचा, असं त्यांच्या माणसांनी बजावलंय."

"लष्करी राजवटीत याच माणसानं माझं दुकान पाडलं. तेव्हा चेहरा दाखवायला गाडीतून उतरलासुद्धा नाही."

"मग त्याचं कापड घेतलंत कशाला?"

"उद्या सभेला हे घालून जाईल, तिचंच नाव नव्या गाळ्यांच्या यादीत चढणार आहे. इतकी वर्षं उन्हात बसून कांदे विकतेय मी."

"म्हणजे तुम्हाला गाळा हवाय, की सूड?"

"दोन्ही."

"उद्या सभेत साहेब स्वतः बायकांच्या रांगेपुढून झगे तपासत जाणार आहेत म्हणे. सवय जात नाही."

"पुढून की मागूनसुद्धा?"

"फक्त पुढून."



"मग लावा छातीवर. काय करता!"

"असं करू. चेहरा वेगळा कापून छातीवर कच्च्या टाक्यांनी लावतो. यादीत नाव चढलं की या. उसवून तुम्ही म्हणाल तिथे पक्का बसवून देईन."

"देव तुमचं भलं करो, मास्तर!"

ती गेली. मी कापड पुढे केलं. मास्तरांनी मान वर न करताच विचारलं,

"तुमचंही कच्चंच ना?"