कासवाची उबदार पेटी

बीडच्या पत्रेवाल्यांच्या गल्लीत सकाळचे ऊन कौलांवर रेंगाळले, टांगलेल्या कंदिलांच्या काचांतून हलकेच खाली उतरले आणि ओट्यावर बसलेल्या सिद्धलिंगच्या पायांशी येऊन थांबले. कासवासाठी करायला सांगितलेली पेटी न्यायला तो आला होता. पण आत पत्रेवाले गुलाबमियाँ पालीच्या विठ्ठलराव पाटलांशी बोलत होते आणि मध्येच बोलणे त्याच्या स्वभावात नव्हते.

“कासवाला पेटी कावून, मियाँ? शेगडी ठिवा म्हनावं.”

“निखारा विझला की कासव गार, पाटील.”

“मग तापली वीट?”

“ती घंटाभर. हिला दुहेरी पत्रा हाय, मधी पानी, खाली दोन वाती. एक विझली तरी दुसरी हायच.”

“निजाम सरकारच्या महालात तरी असली ऊब असंल का? कुनाचं हाय हे लाडकं?”

“चन्नप्पाच्या सिद्धलिंगचं. बायको माहेरी जाताना म्हनली, कासवाला जपा, थंडी सोसत न्हाई त्याला.”

“उमापूरची महादेवी? कवा गेलती?”

“दोन हिवाळे झाले.”

“अवो, निघून जानारीला उंबऱ्यात कायतरी बोलावंच लागतंय! लुगडी नेली, भांडी नेली. नको ती दोनच मागं ठिवली, कासव आन् नवरा!”

सिद्धलिंग दारात येऊन उभा राहिला. दोघांचे हसणे जागीच थांबले.

“पेटी झाली का, मियाँ? थंडी लई वाढलीय.”

पेटी काखेत घेऊन तो गल्लीच्या टोकाशी पोचला, तेव्हा कुठे ते त्याने मनाशी म्हटले. महादेवी परत येणार नाही.