माझ्या मशिनला काच नाही

—मग सरळ विचारा की! आडून आडून कशाला, 'तुमच्याकडे कपडे नीट असतात ना' वगैरे. बोर्डावरचं वाचून आलायत तुम्ही. 'सदर लॉन्ड्रीत कपडे स्वतःच्या जबाबदारीवर द्यावेत' — सेक्रेटरींनी टाइप करून लावलंय. सदर लॉन्ड्री म्हणजे ही. आणि लॉन्ड्रीवाला वैजनाथ म्हणजे मी. तुम्ही बी विंगमध्ये नवीन, दुसरा मजला, बरोबर? आम्हाला कळतं हो सगळं, कपड्यांवरून कळतं. बसा. स्टुलावरच्या चादरी सरकवा आणि बसा. घाई काही नाही, दुसरं गिऱ्हाईक आहे कुठं?

आता हे कुणाला सांगायचं नाही हं. शब्द दिलाय मी. चार माणसांना दिलाय, एकेकट्याला. तुम्हीच पहिले ऐकताय. म्हणजे — दूधवाल्या पोपटला सांगितलं, पण तो काही सोसायटीतला नाही. आणि गिरणीवाल्याला. त्याला गिरणीच्या आवाजात निम्मं ऐकूच गेलं नसणार.

तर ए विंगमधले श्रीनिवास साहेब. खराडीला मोठ्या कंपनीत आहेत, वर्षातून एकदा अमेरिका. तिकडून मुलीसाठी — कादंबरी, यंदा दहावीला — एमपीथ्री आणलं. गाणी ऐकायचं हो, निळं, काडेपेटीएवढं, कानात दोन वायरी. एका रविवारी त्यांच्याकडचे घरी धुतलेले कपडे इस्त्रीला आले. पोरीची जीन्स टेबलावर पसरली तर खिशात काहीतरी टणक. काढून बघतो तर हे! आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? परत खिशात सारलं असतं आणि गप्प बसला असता. मी गेलो वर द्यायला! साहेबांनी बटण दाबलं, हलवलं — आतून पाणी. साबणाचं पाणी, फेससुद्धा होता थोडा. साहेब ओरडले नाहीत. ओरडत नाहीत ते. ऑफिसात विचारतात ना, तसं विचारलं, 'याची जबाबदारी कोण घेणार?' पोरगी आईकडे बघतेय, आई सासऱ्यांकडे, सासरे पंख्याकडे. पंखा बंद होता. मी आपला जिना उतरलो.

पाठोपाठ आजोबा खाली. श्रीधरपंत. 'वैजनाथराव,' म्हणाले. राव! वाशिमहून इथं आलो तेव्हापासून बिबवेवाडीत मला राव म्हणणारा पहिला माणूस हो तो. इथं 'इस्त्रीवाले' म्हणतात, नाहीतर नुसतंच 'अहो, ऐका'. तर म्हणाले, 'सूनबाई कपडे मशिनमध्ये टाकून बँकेत गेली, बटण मी दाबलं. तेवढीच मदत. आता मुलगा म्हणेल, बाबा, तुम्ही कशालाच हात लावू नका. तुम्ही एवढं म्हणा ना, जीन्स तुमच्याकडेच धुतली.' आता सांगा, त्या माणसाला नाही कसं म्हणणार? म्हटलं, बरं.

संध्याकाळी श्रद्धा मॅडम. पॉलिशला साडी घेऊन — साडी कसली, निमित्त हो! 'खिसे बघायचं माझं काम होतं,' म्हणाल्या, 'आणि सासऱ्यांना आधीच वाटतं, नोकरी करणाऱ्या बाईचं घरात लक्ष नसतं. तुमच्याकडे धुतली म्हणाल का?' म्हटलं, म्हणतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर ती कादंबरी. 'काका, प्लीज ना, मीच विसरले खिशात, पप्पा कॉम्प्युटरपण बंद करतील.' म्हटलं, बाळ, उशीर केलास, ते काम आधीच माझ्याकडे आलंय. तिला काही कळलं नाही. थँक्यू म्हणून पळाली.

मग साहेब. गाडीतून उतरले तेच तावातावानं — म्हणजे त्यांच्या मानानं हं. 'वैजनाथ, इतकी महागाची वस्तू! मशिनच्या काचेतून खिशातून डोकावणारं काहीतरी निळं गरगर फिरताना दिसत असतं समोर, आणि माणसाला उठून थांबवावंसं वाटत नाही?' मी ऐकत होतो. ऐकायचं ठरलंच होतं ना माझं. पण तोंडातून गेलं — 'साहेब, माझ्या मशिनला काच नाही.' नाहीच आहे, हे बघा ना, लोखंडी झाकण आहे. काच त्यांच्या घरच्या मशिनला. साहेबांनी झाकणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चेहरा कसा झाला म्हणून सांगू — इस्त्री न केलेला! मग एकदम हळू आवाजात म्हणाले, 'शनिवारी कॉल चालू होता हो. क्लायंट लाइनवर होता. दिसत होतं मला. उठता आलं नाही.' म्हणजे बघा! बघत होता माणूस! आणि मग काय म्हणाले — 'घरचे येतायत खाली. तुम्ही सॉरी म्हणून टाका, विषय संपवू.'

आले की सगळे. चौघं या काउंटरसमोर उभे, ओळीनं. आणि मी हात जोडले. 'चूक झाली, खिसा बघायचा राहिला.' चौघांनाही माहीत की मी नाही केलेलं, आणि चौघांनाही वाटतंय की ते फक्त आपल्यालाच माहीत आहे. साहेबांनी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. 'बघ कादंबरी, चूक कबूल करायला मोठं मन लागतं. शिक काहीतरी.' पोरगी मान डोलावतेय! आजोबा म्हणाले, 'जाऊ द्या, माणूस आहे.' माफ केलं हो मला! मॅडमनी दुसऱ्या दिवशी चिवडा पाठवला. आणि दुपारी सेक्रेटरींनी बोर्डावर तो कागद लावला. साहेब कमिटीत आहेत. काढायला सांगू शकले असते. म्हणतात, 'प्रोसेस आहे, वैजनाथ, थोडे दिवस जाऊ द्या.'

आता ए विंगचे कपडे बंद, तुमच्या बी विंगचे निम्म्यावर. फक्त त्यांच्या घरचे येतात — दुप्पट येतात. धुतलेल्याच चादरी परत धुवायला! पायपुसणी इस्त्रीला!

हसू नका. हसण्यासारखं आहे, मलाही हसू येतं, पण — त्या दिवशी माझी सृष्टी इथं बसली होती. माझी मुलगी. कपड्यांना कागद गुंडाळत होती. कादंबरीच्याच वर्गात आहे ती. तिच्यासमोर जोडले मी हात. ते गेल्यावर म्हणाली, 'बाबा, तुम्ही तर प्रत्येक खिसा उलटा करून बघता.' म्हटलं, त्या दिवशी राहिला. बस. तेव्हापासून दुकानात येत नाही. क्लासवरून येताना मागच्या गल्लीनं जाते, मला दिसते इथून. पोपटला सांगितलं मी, गिरणीवाल्याला सांगितलं, तुम्हाला — तुमचं नावही माहीत नाही मला — तुम्हाला सांगून बसलो. आणि तिला नाही सांगितलं. का? शब्द दिलाय म्हणून? कसला शब्द! तिला काय सांगू — बाप चुकला म्हणून हात जोडले हे तिला बरं वाटेल, की चुकला नव्हता तरी जोडले हे? मला तर वाटतं, दुसरं जास्त लागेल तिला. नाही का? — काय?

काय दाखवताय? कुर्ता? — अच्छा. मिसेसचा. इस्त्री जास्त तापली. घरीच. तुमच्याच हातून. आणि त्यांच्या भावानं दिलेला आहे.

हं. म्हणजे कपडे सुरक्षित असतात का, ते यासाठी विचारत होता होय. मी म्हटलं, एवढं मन लावून कोण ऐकतो आपलं. सी विंगचे एकजण असेच आले होते मागच्या आठवड्यात, शाई सांडलेला शर्ट घेऊन. त्यांचंही ऐकलं मी.

नाही. तुमचं नाही ऐकणार. घडी घाला त्याची आणि न्या वर. मी न केलेलं चार माणसांदेखत म्हणालो, तुम्ही केलेलं घरातल्या घरात एकीला म्हणा. रागावतील. रागावू द्या, त्यांचा कुर्ता आहे.

नाही हो, उद्याही नाही. उठा, स्टूल आत घ्यायचंय. आज लवकर बंद करतोय — मागच्या गल्लीत जाऊन उभं राहायचंय, पोरगी येईल एवढ्यात क्लासवरून. या.