मावशीच्या बारमधली पाटी

डोळ्यांत औषध घालून मला दवाखान्याच्या बाकावर बसवलं होतं. दिसत काहीच नव्हतं, पण शेजारचे दोन म्हातारे, एक शिंपी आणि एक वेल्डर, स्वच्छ ऐकू येत होते.

"मावशीचा बार पाडला म्हणे."

"पाडू दे. ती पाटी आठवते?"

"न आठवायला काय झालं! बायको सांगेल तेवढेच पेग, नावापुढे खडूने लिहिलेले. त्याच्यावर मावशी एक थेंब ओतायची नाही."

"वेल्डर, दोन."

"शिंपी, शून्य! काय हसायचो आम्ही तुला!"

"हसा. अकरा वर्षं सोड्यावर काढली मी."

"मग घरी बसायचं की."

"आणि तुमच्या थापा कोणी ऐकायच्या?"

"बारच्या शेवटच्या दिवशी मी नेमका बाहेरगावी. वहिनी आल्या होत्या म्हणे?"

"तरातरा आली, तळहाताने शून्य पुसलं आणि लिहिलं, 'यांचं यांना कळतं.'"

"बाप रे! असं कोणाच्याच बायकोने लिहिलं नव्हतं. मग किती ढोसलीस?"

"एक थेंबही नाही. पाटी भिंतीवरून उतरवली, टेबलाटेबलावर मिरवली आणि तशीच घरी आणली. दारासमोरच टांगलीय. ये बघायला!"