अणदूरला निघालेलं झोकाघर

…अहो मग काय करायला पायजे होतं कलीमनं? गप बसायचं? घट्टे पडले कुणाच्या हाताला? कलीमच्या! लाकडाचं कुसळ नखात घुसून बोट सुजलं कुणाचं? कलीमचं! आन् शाल पडली कुणाच्या खांद्यावर? थोरल्या भावाच्या, समदच्या! तुमाला सांगतो, रक्त उकळंल न्हाय तर काय व्हईल माणसाचं?

थांबा, म्या मधूनच सुरू झालो. ढोकीत कलीमचं गॅरेज, मोटारसायकली दुरुस्त करायचं. घर एकच, दोघा भावांचं, मागं मोठं अंगण. त्या अंगणात कलीमनं लेकरांसाठी एक लाकडी खेळणं उभं केलं. खेळणं म्हंजे खुळखुळा न्हाय हो! दोन झोके, लांबलचक घसरगुंडी, शिडी, आन् वर पत्र्याचं छप्पर घातलेलं इवलं घर, खिडकीसकट! सगळं एकाच सांगाड्यात. लेकरांनी नाव ठेवलं झोकाघर. कलीमची लेक, समदची जुळी पोरं, गल्लीतली सगळी पलटण दिवसभर त्याच्यावर लोंबकळायची.

आन् एके दिवशी आला योगीराज. मोबाईलवर बातम्या देतो तो. कलीम गॅरेजात गाडीखाली उताणा, तोंडावर ऑईल. आन् अंगणात कोण? समदभाई! इस्त्रीचा शर्ट, अत्तर! योगीराजनं माईक पुढं केला, "हे कुणाच्या कल्पनेतून साकारलं?" आन् समद काय म्हणाला ठाव हाय? मान वाकडी करून, लाजत, "काय न्हाय ओ… मोकळ्या वेळात… आवड म्हणून आपलं…"

आपलं! आपलं म्हंजे कुणाचं? त्या एका 'आपलं'नं घात केला बघा! चार दिवसांत शाळेत सत्कार, शाल, नारळ, टाळ्या. आन् कलीमला कळलं कुणाकडून? गिऱ्हाइकाकडून! तो म्हणतो, "तुझा भाऊ लई कलाकार हाय की रे! तू बी शीक की काय तरी त्याच्याकडनं!"

कलीमच्या हातातला पाना पडला खाली. मनात गाठ मारली. आन् नशीब बघा, त्याच महिन्यात बायकोची, उम्मेहानीची, बदली झाली. नर्स हाय ती. बदली कुठं, तर अणदूरला. घरात सगळे रडाया लागले, अम्मी रडल्या, समदची बायको मिनाजभाभी रडली, आन् कलीम? हसला! लई दिवसांनी हसला! म्हणाला, "झोकाघर बी चाललं. खिळासुद्धा ठेवणार न्हाय!"

आता त्याच्या डोक्यातला डाव ऐका. त्याला लाकडाचं काय पडलं नव्हतं. त्याला डोळ्यापुढं दिसत होतं, रविवारची सकाळ, मोकळं अंगण, आन् जुळी पोरं समदच्या लुंगीला धरून म्हणत्यात, "अब्बा, तुम्हीच बनवलं होतं ना? मग दुसरं बनवा की!" आन् समद हातोडा उलटा धरून उभा! अहाहा! ह्या एका चित्रावर कलीम महिनाभर पोटभर जेवला बघा.

ट्रॅक्टरवाल्या बंडप्पाची ट्रॉली आणली, उसाची. हंगाम संपल्याला, ट्रॉली रिकामीच. कलीमनं पाना घेतला आन् सुरू झाला. मिनाजभाभी दारातून म्हणते, "भाईसाब, शिडी तरी राहू द्या, माळ्यावर चढायला होईल."

"खिळासुद्धा ठेवणार न्हाय!"

समद चहाचा कप घेऊन उभा. "कलीम, अरे निदान एक झोका…"

"भाईजान, तुम्ही तर कलाकार! तुम्हाला काय कमी हाय? मोकळ्या वेळात बनवा… आवड म्हणून… आपलं!"

समदचा कप तसाच हातात. तोंड पाडून आत गेला. पण अम्मी! बेगमबी म्हंजे काय साधं काम हाय व्हय? म्हातारी आली, पदर सावरला आन् झोक्यावर बसली. "काढ आता!"

"अम्मी, उठा."

"न्हाय उठत. तुमच्या अब्बाच्या मागं घराची वाटणी होऊ दिली न्हाय म्या. आन् आता झोक्याची करताय?"

कलीमनं काय करावं? भोवतीचं सगळं सोडवलं. घसरगुंडी गेली, शिडी गेली, दुसरा झोका गेला. दोन खांब, एक आडवी तुळई आन् मधी अम्मी, हळूहळू झुलतायत! शेवटी जोहरची, दुपारची अजान झाली. अम्मी नमाजाला उठल्या, आन् परत येऊन बघतात तर झोका ट्रॉलीत! म्हातारीनं नुसतं बघितलं. कलीमनं मान फिरवली, पण हात थांबवला न्हाय. घसरगुंडीखालची वाळू बी पोत्यात भरली. खड्डे नेता आले असते तर खड्डे बी नेले असते गड्यानं!

वरचं पत्र्याचं घर मात्र मोडलं न्हाय, अख्खंच ट्रॉलीवर चढवलं. आन् ट्रॉलीला बांधला फलक. रंगवून आणला होता खास. 'या झोकाघराचे खरे कारागीर : कलीम चाँदपाशा.' 'खरे'च्या खाली दोन रेघा! धाराशिव, तुळजापूर, सगळ्या रस्त्यानं दुनियेला कळू दे!

बसायला जागा कुठं? बंडप्पाच्या शेजारी पिंप, तर हा गडी वरच्या पत्र्याच्या घरात बसला, पाय खिडकीतून बाहेर. भर उन्हाळा, पत्रा तापलेला, आत कलीम भाजतोय, पण छाती फुगवून! धाराशिवच्या चौकात लोकांना वाटलं उमेदवार हाय, दोघांनी हात बी जोडले. तुळजापूरच्या अलीकडं हॉटेलवाला पळत आला, "या या चाँदपाशाभाई! लई भारी काम केलंत!"

चाँदपाशा? नळदुर्गच्या रस्त्याला एक म्हातारा, "वा चाँदपाशा!" शाळकरी पोरी, "चाँदपाशाकाका, टाटा!" कलीमला कळंना. खाली उतरून बघतोय तर बंडप्पानं दोर आवळला होता नेमका 'कलीम'वर! कारागीर कोण, तर चाँदपाशा! अहो, ते तर बाप! वारल्याला किती वर्षं झाली! आन् बिचाऱ्यानं हयातीत भिंतीला एक खिळा सरळ मारला नव्हता!

अणदूरला पोचल्यावर बंडप्पानं सगळं अंगणात ओतलं आन् ट्रॅक्टर वळवला. "अरे, हात तरी लाव!"

"म्या ट्रॅक्टरवाला हाय, सुतार न्हाय," म्हणून गेला की धूर सोडत.

आन् आता खरी गंमत. झोकाघर सोडवायला एक माणूस पुरतो, उभं करायला दोन लागतात. एकानं बोल्ट कसायचा, दुसऱ्यानं तुळई धरून ठेवायची. कलीमनं एक टोक चढवलं की दुसरं पडायचं. दुसरं चढवलं की पहिलं. उम्मेहानी दवाखान्यात. शेजारच्या नागम्मा बाजेवर बसून, "ते वाकडं हाय की रे, बाळा."

"दिसतंय मला, आजी."

"मग सरळ कर की."

दिवस गेला. दुसरा गेला. कलीमची लेक ढिगाऱ्यातल्या घसरगुंडीवर बसून बापाकडं बघायची. तिसऱ्या दिवशी तुळई पायावर पडली आन् कलीम तिथंच मातीत बसला. आन् बसल्या बसल्या त्याला आठवलं… ढोकीला बनवताना तुळईचं दुसरं टोक कुणी धरलं होतं? रात पडेपर्यंत, हाताला मुंग्या येईपर्यंत, खांद्यावर घेऊन कोण उभं होतं?

लई राग आला त्याला! समदचा न्हाय, आठवणीचा! हिला काय आत्ताच यायचं होतं?

आन् तेवढ्यात दारात मोटारसायकल. पुढं समद, मागं जुळी पोरं. समद उतरला, चप्पल काढली, बाही वर सारली, तुळईचं टोक खांद्यावर घेतलं. म्हणाला, "कस."

कलीमनं बोल्ट कसला. पाना तेवढा वाजतोय. बऱ्याच वेळानं समद तुळईखालूनच म्हणाला, "पोरांनी मागितलं रे, दुसरं बनवा म्हणून."

कलीमच्या काळजात लाडू फुटला! "मग?"

"मग सांगितलं त्यांना. मला येत न्हाय, तुमच्या चाचाला येतं. मी नुसतं धरलं होतं." तुळई खांद्यावर जरा सरकवली. "त्या दिवशी तोंडातनं निघून गेलं, कलीम. लोक टाळ्या वाजवायला लागले… मग मागं घेता येईना."

आता तुम्हाला वाटंल, कलीमनं मिठी मारली. छ्या! कलीम म्हणाला, "खाली घ्या जरा, डावीकडं उतरलंय." बास. पण पुढचा बोल्ट कसताना, तुमाला सांगतो, त्याला नीट दिसत नव्हतं.

झोकाघर उभं राहिलं. पण बदला सोडला का? न्हाय! शिडीपाशी बसला तिकीट तपासणाऱ्यासारखा. "आधी सांगा, कुणी बनवलं?" पोरं ओरडली, "कलीमचाचानं!" आन् त्याच्या डोक्यावर पाय देऊन वर! संध्याकाळी समद म्हणतो, चला. जुळी खाली येतील तर शपथ! भोंगा पसरला. समद म्हणाला, "राहू दे दोन दिवस," आन् गेला.

दोन दिवसांनी पोरांचे कपडे घेऊन मिनाजभाभी आली, ती बी राहिली. सुनांशिवाय करमंना म्हणून अम्मी आल्या, थेट झोक्यावर बसल्या, कलीमकडं बघितलं बी न्हाय. आता अणदूरच्या त्या दोन खोल्यांत पाय टाकाया जागा न्हाय. सकाळी दुधाला कलीम, पाण्याला कलीम, भांडण सोडवायला कलीम, अम्मीला झोका द्यायला बी कलीम!

शेवटी त्यानं फोन लावला. "भाईजान, न्यायला कधी येताय?"

तिकडनं लांब जांभई. मागं पंख्याचा घरघर आवाज. "राहू दे की रे… घर लई शांत वाटतंय. सुट्टी संपंल तेव्हा बघू."

तर बदला घेतला हो कलीमनं, पुरा घेतला! फक्त तो बदला ढोकीहून निघाला आन् अणदूरला स्वतःच्याच दारात उतरला, एवढंच.